तोच पीस, तेच डोळे

आमच्या कारखान्यात रबराचे ऑइल सील, म्हणजे यंत्रातलं तेल गळू नये म्हणून बसवायच्या कड्या, बनतात. मोल्डिंग, ट्रिमिंग होऊन आलेला पीस शेवटी तपासणीच्या टेबलावर येतो. भिंगाच्या दिव्याखाली तो बोटांत फिरवायचा. लिपवर, म्हणजे सीलच्या आतल्या पातळ कडेवर, कट आहे का, हवा धरून फोड आलाय का, कडेला जादा रबर राहिलंय का, एवढं बघायचं आणि हिरव्या नाहीतर लाल क्रेटमध्ये टाकायचा. भोसरीत या कामाला नुसतं ‘व्हिज्युअल’ म्हणतात. मी कित्येक वर्षं व्हिज्युअलला आहे. आता टेबलावर कमी बसते, नव्या मुलींना शिकवायचं काम जास्त.

गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडे एमएसए (मेजरमेंट सिस्टिम अ‍ॅनालिसिस) नावाचा एक प्रकार असतो. त्यात परीक्षा पिसांची नसते, तपासणाऱ्यांची असते. पन्नास पीस निवडतात; काही चांगले, काही खराब, काही अगदी काठावरचे. तीन इन्स्पेक्टर बसतात. प्रत्येकीने तेच पन्नास पीस तीनदा तपासायचे, दर वेळी क्रम बदललेला, आधी आपण काय सांगितलं ते बघायची सोय नाही. मग क्वालिटीवाले उत्तरं किती जुळली ते सांगणारा कप्पा नावाचा आकडा काढतात. तो ०.७५च्या वर गेला की सगळे खूश.

चांगला पीस तिन्ही वेळा चांगला निघतो, फाटलेला तिन्ही वेळा फाटलेला. घोळ होतो तो काठावरच्यांचा. पहिल्या फेरीत ओके, दुसरीत रिजेक्ट, तिसरीत परत ओके. तोच पीस, तोच दिवा, तीच बाई. मग शेरा ठरलेला: लक्ष नव्हतं. मला तो शेरा कधीच पटला नाही. एमएसएच्या दिवशी तर आम्ही दहावीच्या पेपरला बसल्यासारख्या बसतो, लक्ष नसेल कसं?

म्हणून भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर पाठवलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेला मेंदूच्या लहरी आणि नजर यांवरच्या प्रयोगासाठी चाळिशीच्या पुढची माणसं हवी होती. कॉलेजची मुलं त्यांना भरपूर मिळतात, प्रौढ माणसं येत नाहीत, असं भाची म्हणाली. ‘मावशी, सुया नाहीत, औषध नाही, नुसती टोपी घालून पडद्याकडे बघायचंय.’ पडद्याकडे बघून आहे-नाही सांगायचं, हे तर माझं रोजचंच काम. फोन केला.

फोनवर पीएचडी करणारी एक मुलगी होती. नागपूरची, बोलायला मोकळी. तिने पहिलीच अट घातली: केस आदल्या रात्री शाम्पूने धुऊन या, तेल अजिबात नको, कंडिशनरही नको. रात्रीची झोप पुरती घ्या. चहा रोज घेता तेवढाच घ्या, जास्तही नको आणि कमीही नको. तेलाशिवाय घराबाहेर पडायचं म्हणजे माझ्या आईच्या भाषेत ‘झिंज्या सोडून’, पण पडले.

आधी फॉर्म. संस्थेच्या नैतिकता समितीने मंजूर केलेला, मराठीत, हे विशेष वाटलं. मधेच उठून जायचा हक्क आहे, कारण सांगावं लागणार नाही, नाव कुठेही छापणार नाहीत, वगैरे. मग प्रश्न. डोक्याला कधी मार? डोक्यात धातूचं काही? झोपेच्या गोळ्या? स्वतःला किंवा घरात कुणाला फिट येते का? हा शेवटचा प्रश्न तिने दोनदा विचारला. पुढच्या एका भागात प्रकाश चमकणार होता, आणि काही जणांना ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ला टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा चमकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. बाहेरचा ठेका मेंदूतल्या ठेक्याला असा जाऊन भिडतो, हे मला त्या दिवशीच कळलं.

मग टेप. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत माप, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि दोन्हींच्या मध्यावर पेनाने खूण. माप चुकलं तर सगळ्या जागा सरकतात, म्हणून ते दोघांनी वेगवेगळं घेतलं. हे बघून बरं वाटलं. आमच्याकडेही व्हर्नियर दोघांनी लावायचा नियम आहे, पाळत कुणी नाही.

टोपी कापडाची, पोहायला जाताना घालतात तशी, हनुवटीखाली पट्टा. तिच्यावर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या चौसष्ट छोट्या टिकल्या, प्रत्येकीत बारीक दिवा, आणि सुरुवातीला सगळे लाल. सिरिंजला बोथट टोकाची नळी लावून ती प्रत्येक टिकलीच्या भोकातून आत जायची, केस बाजूला सारायची, त्वचा जराशी घासायची आणि थेंबभर जेल सोडायची. जेल गार असतं. टिकलीचा त्वचेशी नीट संपर्क झाला की दिवा हिरवा. माझे केस दाट, त्यामुळे मागच्या बाजूचे दिवे लवकर हिरवे होईनात, आणि तिला नेमके मागचेच हवे होते. नजरेचं काम बघणारा मेंदूचा भाग डोक्याच्या मागे असतो. डोळे पुढे, बघणं मागे. शाळेत वाचलं होतं बहुतेक, पण मागच्या टिकल्यांसाठी ती अर्धा-पाऊण तास झटताना डोक्यात नीट उतरलं.

खोली छोटी, अंधारी, भिंतींच्या आत तांब्याची जाळी. मोबाईल बाहेर, घड्याळही बाहेर. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि तिचा गुणगुणाट या टिकल्या लगेच पकडतात. मेंदूच्या विजेचा आवाज त्यापुढे काहीच नाही. डोक्याच्या कातडीवर येईपर्यंत तो वीस-तीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे वीस-तीस दशलक्षांश, उरतो. रिमोटमधला साधा सेल दीड व्होल्टचा. तो माझ्या लहरींपेक्षा पन्नास हजार पट मोठा.

सुरू करण्याआधी तिने मला पडदा दाखवला. चौसष्ट रेघा उजवीकडून डावीकडे सरकत होत्या. ‘डोळे मिचकवा.’ कपाळाजवळच्या रेघांनी डोंगर केले. ‘दात दाबा.’ सगळा पडदा जाड काळा. यांतलं मेंदूचं काहीच नव्हतं. स्नायू आणि डोळ्यांची हालचाल. म्हणून पुढचे तास हनुवटी स्टँडवर ठेवून, जबडा सैल सोडून, सांगतील तेव्हाच पापणी हलवत बसायचं. नव्या मुलींना मी ‘ओठ चावू नका गं’ म्हणते ते वेगळ्या कारणाने, पण सवय उपयोगी पडली.

मग डोळे मिटून दोन-तीन मिनिटं नुसतं बसायचं, नंतर उघडे ठेवून तेवढंच. एवढा हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणजे नंतर रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा. डोळे उघडे असताना मागच्या रेघा नुसत्या खरखरीत. डोळे मिटले की एका सेकंदाच्या आत त्याच रेघा मोठ्या होतात, गोलसर होतात, एका लयीत चालायला लागतात. डोळे उघडले की खलास. पुन्हा मिटले, पुन्हा हजर. ही अल्फा लय, सेकंदाला साधारण आठ ते तेरा हेलकावे. माझी भरली ९.४. वय वाढतं तशी ती थोडी मंदावते, असं तिने जरा जपून सांगितलं. मी म्हटलं, गुडघ्यांचंही तेच आहे, सांग बिनधास्त.

ही लय पहिल्यांदा टिपली हान्स बेर्गर नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, येना गावात, १९२४मध्ये. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भावाचं काहीतरी बरंवाईट होतंय असं वाटलं आणि तिने वडिलांना तार करायला लावली. विचार एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात असं त्याने मनात धरलं आणि त्या शक्तीच्या शोधात निघाला. ती काही सापडली नाही. सापडली ही लय. मुलाच्या डोक्याला तारा लावून तो मोजत राहिला, आणि पाच वर्षं कुणाला काही न सांगता १९२९मध्ये छापलं. लोकांनी दुर्लक्ष केलं. १९३४मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवलं तेव्हा कुठे जग वळून बघायला लागलं. एड्रियनला तोवर नोबेल मिळालेलं होतं, त्यामुळे त्याचं ऐकणं भाग होतं.

ही सगळी माहिती मला जेल लावतानाच्या वेळात मिळाली. ती मुलगी उत्तम शिक्षिका होईल.

आता खरं काम. करडा पडदा, मधे एक ठिपका, नजर ठिपक्यावर. सेकंद-दोन सेकंदांनी, कधी ते सांगता येत नाही अशा बेताने, ठिपक्याच्या बाजूला पट्ट्या-पट्ट्यांचा एक अतिशय पुसट गोल क्षणभर येतो. ठिपक्याचा रंग बदलला की उत्तर: डावं बटण ‘दिसला’, उजवं ‘नाही’. काही वेळा काहीच दाखवत नाहीत. किती वेळा ते आधी सांगत नाहीत.

पहिल्या टप्प्यात गोल किती पुसट ठेवायचा ते ठरवतात. तुम्ही ‘दिसला’ म्हणालात की पुढचा आणखी पुसट, ‘नाही’ म्हणालात की जरा ठळक. असं करत करत यंत्र तुम्हाला अशा जागी नेऊन ठेवतं जिथे निम्म्या वेळा दिसतं, निम्म्या वेळा नाही. मग तिथेच खिळवून ठेवतं. पुढचा सगळा वेळ तोच गोल, तेवढाच पुसट, तेवढाच वेळ. पडद्यावर काही म्हणजे काही बदलत नाही. बदलतं ते तुमचं उत्तर.

मी बटणं दाबत होते आणि मला आमचा एमएसए आठवत होता. इथे तर सगळेच पीस काठावरचे.

त्या जागी बसून बघण्याचा अनुभव विचित्र असतो. काही गोल इतके स्वच्छ दिसतात की पट्ट्या मोजता येतील. काही वेळा नुसतं वाटतं की काहीतरी हललं. काही वेळा नक्की काही नव्हतं, आणि तरी बोट डाव्या बटणाकडे ओढलं जातं. थोड्या वेळाने ‘दिसणं’ आणि ‘वाटणं’ यांमधली रेघ पुसट व्हायला लागते. मधल्या सुट्टीत मी तिला म्हटलं, तुझा गोल कधी कधी जास्त ठळक असतो. ती म्हणाली, ‘काकू, पडदा रोज मीटरने मोजतो आम्ही. एक कणही फरक नसतो.’ मी गप्प चहा घेतला, नेहमी घेते तेवढाच.

दुसऱ्या प्रकारात गोल नक्की असायचा, पण पट्ट्या डावीकडे झुकलेल्या की उजवीकडे ते सांगायचं, आणि वर किती खात्री आहे तेही. एकपासून चारपर्यंत. हे जास्त दमवणारं. खात्री सांगायची सवय आपल्याला नसते. आमच्या टेबलावर तर दोनच क्रेट.

तिसरा प्रकार पुढच्या खेपेला झाला आणि तो जादूचा खेळ म्हणून घरच्यांना सांगण्यासारखा आहे. ठिपक्यावर नजर, आणि खाली, नजरेच्या कडेला, एक पांढरी चकती एकदाच चमकते. त्याच वेळी हेडफोनमध्ये दोन टिकटिक, फार जवळजवळ. किती वेळा चमकलं? दोनदा. मी शपथेवर सांगितलं असतं. तिने तेच आवाज बंद करून दाखवलं: एकदा. आवाज सुरू: दोनदा. मला आता खरं काय ते माहीत होतं, तरी दोनदाच दिसलं. कानाने डोळ्याला सांगितलं आणि डोळ्याने ऐकलं. कॅल्टेकमध्ये लादन शम्स, कामितानी आणि शिमोजो यांनी २०००मध्ये हे जगापुढे आणलं. दोन आवाजांमधलं अंतर वाढवत नेलं की एका टप्प्यावर जादू संपते आणि चकती एकदाच चमकते. माझी कुठे संपते ते त्यांना हवं होतं.

सगळं आटपल्यावर न्हाणीघर. संस्थेने त्यासाठी शॉवर आणि ड्रायर ठेवला आहे, टॉवेल मात्र आपला न्यावा. जेल पाण्याने जातं, पण कपाळावरच्या टिकल्यांचे गोल व्रण तासभर राहतात. बसमध्ये एका आजींनी देवी आल्या का म्हणून विचारलं. जाण्यायेण्याचं भाडं आणि थोडं मानधन मिळालं, लगेच, सही घेऊन.

माझी अट एकच होती, निकाल समजावून सांगायचा. बरेच दिवस काही कळवलं नाही, मग बोलावलं. तिने आधीच बजावलं की एका माणसाच्या आकड्यांवर उड्या मारायच्या नसतात, गोंगाट फार असतो; बऱ्याच जणांचे एकत्र केले की मग चित्र धरतं. तरी माझं दाखवते.

त्यांनी काय केलं होतं, तर गोल यायच्या *आधीचा* जवळपास एक सेकंद घेतला होता. पडद्यावर अजून काहीच नाही, मी नुसती ठिपक्याकडे बघतेय, त्या वेळी डोक्याच्या मागची अल्फा किती जोरात चालू आहे ते मोजलं. त्या जोरावरून सगळ्या उत्तरांचे पाच ढीग केले. अल्फा सगळ्यात कमी असलेल्या ढिगात माझं ‘दिसला’ जास्त. अल्फा जोरात असलेल्या ढिगात ‘नाही’ जास्त. म्हणजे गोल यायच्या आधीच उत्तराचा थोडा भाग ठरलेला. ही गोष्ट नवी नाही. एर्गेनोग्लू आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये हेच छापलं होतं. आणि डोक्याबाहेरून चुंबकाचा झटका देऊन नजरेच्या भागात प्रकाशाचा भास निर्माण करता येतो, तो भासही अल्फा कमी असेल तेव्हाच जास्त दिसतो, हे रोमेई यांच्या गटाने २००८मध्ये दाखवलं. पूर्वी अल्फाला मेंदूची विश्रांती समजायचे. आता बहुतेक जण म्हणतात की ती आडकाठी आहे. जिथे ती जोरात, तिथला कारभार दाबून ठेवलेला.

मी म्हटलं, सोपं आहे. अल्फा कमी म्हणजे नजर तीक्ष्ण.

‘नाही ना काकू,’ ती म्हणाली आणि दुसरा आलेख काढला. ‘तुम्ही रिकाम्या वेळा बघा.’

गोल दाखवलाच नव्हता, त्या वेळांचे वेगळे ढीग. तिथेही तीच उतरण. अल्फा कमी असताना मी काही नसलेल्या जागी ‘दिसला’ जास्त वेळा म्हटलं होतं. म्हणजे खरे पकडले ते जास्त, आणि खोटे पकडले तेही जास्त. दोन्ही हिशेबात धरून खरी पारख किती, असा एक आकडा काढतात, डी-प्राइम म्हणतात त्याला. तो पाचही ढिगांत जवळपास सारखा. नजर तीक्ष्ण झालीच नव्हती. ‘हो’ म्हणायचा उंबरठा खाली आला होता. इएमी, निको बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये हेच नीट वेगळं करून दाखवलं. झुकलेल्या पट्ट्यांच्या खेळातही तसंच: अल्फा कमी असताना माझी खात्री वाढली होती, बरोबर उत्तरं वाढली नव्हती.

मी तो आलेख बराच वेळ बघत बसले. कारण ही भाषा मला पाठ होती. एमएसएच्या कागदावर तीन रकाने असतात: किती बरोबर, किती खराब पीस ओके म्हणून सुटले, किती चांगले पीस उगाच रिजेक्ट झाले. बरोबर नव्वद टक्क्यांच्या वर हवेत, सुटलेले दोन टक्क्यांच्या आत, उगाच रिजेक्ट पाच टक्क्यांच्या आत. इंग्रजीत त्या दोन रकान्यांना मिस रेट आणि फॉल्स अलार्म रेट म्हणतात, आणि तिच्या आलेखावर अगदी तेच शब्द होते. दोघांचं मूळ एकच निघालं, दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या पडद्यापुढे बसवलेल्या पोरांपर्यंत जाणारं. ठिपका विमान आहे की नुसता गोंगाट, हे रात्रभर सांगायचं. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने त्यांच्यासाठी एक घड्याळ बनवलं, काटा सेकंदाला एकदा उडी मारायचा आणि क्वचित एखादी दुप्पट उडी. ती पकडायची, दोन तास. १९४८मध्ये त्याने लिहिलं की पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या सोडायला लागतात. आमच्या टेबलावर बदली दोन तासांनी मिळते.

कंटाळवाण्या कामात वेळ जाईल तशी अल्फाही चढत जाते, हे आता अनेकांनी मोजलं आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्येही प्रत्येक भागाच्या शेवटाकडे ती चढलेली होती.

चकतीच्या खेळाबद्दल तिने हात जरा आखडता घेतला. चेचेरे, रीस आणि रोमेई यांनी २०१५मध्ये म्हटलं की ज्याची अल्फा जलद त्याची जादू लवकर संपते, कारण मेंदू एका हेलकाव्याच्या अवधीत आलेलं सगळं एकत्र बांधतो. सेकंदाला दहा हेलकावे म्हणजे एक दशांश सेकंदाची मोळी. डोक्याला बाहेरून सौम्य वीज देऊन लय मंद-जलद केली तर ही मोळीही लांब-आखूड होते, असंही त्यांनी दाखवलं. मला हे फार आवडलं, सगळ्यांनाच आवडतं. पण २०२२मध्ये ब्युर्गर्स आणि नॉपेनी यांनी बऱ्याच बारकाईने तपासलं तर त्यांना हा संबंध सापडला नाही. ‘मग तुझं मत काय?’ ‘माझं मत नाही, माझा डेटा येतोय,’ ती म्हणाली. अल्फाचा हेलकावा वर असताना दिसतं की खाली असताना, या प्रश्नाचंही तेच. बुश, द्युब्वा आणि व्हानरूलेन यांना २००९मध्ये दिसण्या-न दिसण्यातला किमान १६ टक्के फरक हेलकाव्याच्या जागेवरून सांगता आला होता. नंतर तेच करू गेलेल्या सगळ्यांना ते जमलेलं नाही. आपल्याला जग सिनेमाच्या फ्रेमसारखं तुकड्या-तुकड्यांनी दिसतं, असे व्हिडिओ फिरतात ते यावरूनच. ते बघून लगेच मान डोलवू नये.

मान डोलवण्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीत ‘अल्फा पॉवर’ नावाचा क्लास चालतो, फी भरून. अल्फा वाढवा, एकाग्रता वाढवा. मला आता विचारलं तर मी म्हणेन, शांत बसायला जरूर जा, झोप चांगली लागेल. पण लिपवरचा कट पकडायचा असेल त्या क्षणी डोक्याच्या मागे अल्फा वाढवून काय करणार? आडकाठी वाढवणार.

हे सगळं घेऊन मी आमच्या क्वालिटी मॅनेजरांकडे गेले. माणूस चांगला, पण आकड्यांचा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, ऑडिटरला काय सांगू? पोरीच्या डोक्यात अल्फा होती?”

मी म्हटलं, ऑडिटरला काहीच सांगू नका. पण आपण काय करतो बघा. ग्राहकाकडून एक खराब सील परत आला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींना ओरडा बसतो, आणि आठवडाभर लाल क्रेट भरून वाहतात. तुम्हाला वाटतं नजर सुधारली. तसं काही झालेलं नसतं, फक्त उंबरठा हलतो. सुटणारे कमी होतात आणि चांगला माल भंगारात जातो, पण त्या भंगाराचा हिशेब मोल्डिंगच्या नावावर पडतो म्हणून कुणाला दिसत नाही. ओरडून पारख वाढत नाही. दिव्याचा कोन, पीस धरायची पद्धत आणि समोर ठेवलेला लिमिट सॅम्पल, म्हणजे कुठवर चालेल ते दाखवणारा नमुन्याचा पीस, याने वाढते. आणि काठावरच्या पिसाला दुसरी नजर लागते, दुसऱ्या बाईची, थोड्या वेळाने.

त्यांनी लाल क्रेटचे मागचे आकडे काढायला सांगितले. तक्रारीनंतरच्या आठवड्यांचे आणि एरवीचे. लाल क्रेटमधला माल पुन्हा तपासून त्यात चांगले किती, हे आम्ही कधी नोंदवतच नव्हतो. आता एका लाइनवर नोंदवतो. तिथे तिसरा, पिवळा क्रेट ठेवलाय. खात्री नसेल तो पीस त्यात, आणि तो दुसरीने बघायचा. बदली दोन तासांऐवजी अर्ध्या तासाने, असं मी मागितलं होतं. पाऊण तासावर तडजोड झाली. उत्पादनवाले कुरकुरतायत की पिवळा क्रेट म्हणजे काम पुढे ढकलायची सोय. पहिल्या दिवशी तो खरंच काठोकाठ भरला होता, मग हळूहळू उतरला.

पुढचा एमएसए मार्चमध्ये आहे. मॅनेजरांनी त्यासाठी काठावरचे पीस जास्त घ्यायचं कबूल केलंय. कप्पा पडेल याची त्यांना धास्ती आहे. मला तर तो पडायलाच हवाय, म्हणजे कुठल्या रकान्यात पडतो ते बघता येईल.